पॅनकेकचं पीठ अंदाजानं भिजवताना

पॅनकेकच्या पिठात मैदा, दूध, तूप, साखर यांतलं काहीच मी मोजत नाही. बेकिंग पावडर मात्र चमच्यानं घालते, आणि तो चमचाही वरून बोट फिरवून सपाट केलेला असतो. दूध कमी पडलं की पीठ घट्ट दिसतं, जास्त झालं की सैल दिसतं, आणि तव्यावर जायच्या आधी ते सुधारता येतं. बेकिंग पावडरचं कमीजास्त पिठात दिसतच नाही. ते कळतं ताटात, आणि तेव्हा इलाज उरलेला नसतो. डोळ्याला किंवा हाताला जे पारखता येतं, तिथेच अंदाज चालवावा. पोळीची कणीक, धिरड्याचं पीठ, भजी हे सगळं आपण असंच तर करतो. पॅनकेकलाच कप आणि मिलिलिटर कशाला?

आधी भांडं. दरवेळी तोच गंज घ्यायचा, रुंद तोंडाचा, दोन-अडीच लिटरचा. भांडं बदललं नाही की पीठ कुठवर आलं म्हणजे किती जणांचं झालं, हे नजरेत बसतं. खोल आणि अरुंद भांड्यात तळाशी सुकं पीठ राहून जातं, ते सोडवायला ढवळत बसावं लागतं, आणि जास्त ढवळणं हेच या पिठाचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. त्याबद्दल पुढे.

मैदा मुठीनं. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, आणि डब्यातून अलगद उचललेलं पीठ, ती मूठ. दाबून भरलेली नव्हे. माझी अशी मूठ ४० ग्रॅमच्या आसपास भरते. कुणाची ३० भरेल, कुणाची ५०. एकदा वजनकाट्यावर आपल्या चार मुठी टाकून बघाव्यात, म्हणजे पुढे काट्याची गरज पडत नाही. चौघांना चार मुठी, म्हणजे साधारण १६० ग्रॅम. त्यात तळहाताएवढे आठ-नऊ पॅनकेक होतात. प्रत्येकी दोन, आणि पहिला बिघडलेला करणाऱ्याचा.

नुसता मैदा घेतला तर पॅनकेक हलके होतात, पण खाऊन तासाभरात भूक लागते. आमच्याकडे अर्धा मैदा आणि अर्धी चक्कीवरून आणलेली कणीक चालते. कणीक घेतली की दूध जास्त लागणार हे धरूनच चालायचं. चक्कीच्या दगडाखाली गव्हातल्या स्टार्चचे कण फुटतात आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी ओढतो. वरून कोंडाही पाणी पितो, पण हळूहळू. म्हणून कणकेचं पीठ भिजवल्याबरोबर सैल वाटतं आणि १५ मिनिटांनी बघावं तर घट्ट झालेलं असतं. पुस्तकातलं मैद्याचं माप कणकेला लावलं की पॅनकेक दडदडीत होतात ते यामुळे.

नागपुरात तर त्याच डब्यातलं तेच पीठ वर्षभर सारखं वागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की हवा कोरडी ठणठणीत असते, डब्यातलं पीठही सुकतं, आणि तेवढ्याच मुठींना दोन-तीन चमचे दूध जास्त लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये पिठात दमटपणा मुरलेला असतो, तेव्हा दूध कमी घ्यायचं. मापानं करणाऱ्याचं पीठ उन्हाळ्यात घट्ट आणि पावसाळ्यात पातळ होतं, आणि दोष रेसिपीवर जातो.

आता जे मोजायचं ते. दर दोन मुठींना एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर, म्हणजे चार मुठींना दोन. नुसता मैदा असेल तर दीडही पुरतो. मीठ दोन चिमटी. गोड पदार्थ आहे म्हणून मीठ गाळू नका, त्याशिवाय पॅनकेकला कच्च्या पिठाची चव येते. हे सगळं कोरड्या पिठातच चाळणीतून घालायचं. बेकिंग पावडरची गुठळी तशीच राहिली तर पॅनकेकवर पिवळे ठिपके पडतात आणि त्या जागी साबणासारखी कडवट चव लागते. पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की पावडर ओल धरते आणि तिचा जोर डब्यातच संपतो. शंका आली तर अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघायची. लगेच फसफसली तर चांगली. दोन-चार बुडबुडे येऊन गप्प बसली तर नवी आणायची. आमच्या इतवारीच्या किराणा बाजारातून सुटी, स्वस्त पावडर आणण्यापेक्षा लहान डबी घ्यावी. सहा महिन्यांत संपेल एवढीच.

ओलं मिश्रण वेगळ्या वाटीत. चार मुठींना एक अंडं. साखर दीड-दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. साखर दुधात विरघळली की पीठ सैल करते, आणि तव्यावर लवकर करपते. बाहेरून काळा आणि आतून चिकट पॅनकेक हा बहुधा साखरेचा उद्योग असतो. गूळ आवडत असेल तर तो दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घाला. गरम दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, हे खिरीवरून सगळ्यांना माहीत आहेच.

तूप एक मोठा चमचा, वितळवलेलं. इथे डिसेंबर-जानेवारीत एक गंमत होते. रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरलेलं असतं, सकाळी दूध थंडगार असतं, आणि वितळलेलं तूप त्यात पडल्यापडल्या रवाळ गोळ्या होऊन वर तरंगायला लागतं. त्या गोळ्या फेटून जात नाहीत. तव्यावर त्या वितळतात आणि तेवढ्या जागी पॅनकेकला तेलकट भोक पडतं. हिवाळ्यात दूध कोमट करून घ्यायचं, बोट बुडवलं तर सोसेल इतपत. कडकडीत नको, नाहीतर अंडं वाटीतच शिजतं आणि बेकिंग पावडर पिठात पडल्याबरोबर अर्धा जोर खर्च करून बसते.

दूध किती? मैद्याच्या चार मुठींना २०० मिलिलिटरच्या आतबाहेर, अर्धी कणीक असेल तर २२५-२४० पर्यंत. पण हा आकडा फक्त भांड्यात किती काढून ठेवायचं यासाठी. पिठात सुरुवातीला त्यातलं पाऊणच घालायचं आणि उरलेलं हाताशी ठेवायचं. घातलेलं दूध परत काढता येत नाही, त्यामुळे पातळपणाकडे नेहमी घट्टपणाच्या बाजूनं जायचं.

कोरड्या पिठाच्या मधोमध खळगा करून त्यात ओलं मिश्रण ओतायचं. रवी नको, मिक्सर तर नकोच. पळीनं किंवा काट्यानं कडेचं पीठ आत ओढत ओढत १५-२० वेळा फिरवायचं, बस. सुकं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या गुठळ्या दिसतील, त्या राहू द्यायच्या. आपला हात धिरड्याच्या आणि भज्यांच्या सवयीचा, गुठळी दिसली की मोडायला धावतो. पण चून, म्हणजे बेसन, आणि गहू यांत फरक आहे. गव्हाचं पीठ ओलं करून जितकं घोटाल तितकं त्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन ताणून जाळं धरतं. पोळीला ते हवं असतं. पॅनकेकला त्याच जाळ्यानं चिवटपणा येतो, बुडबुडे लांबट होतात, आणि पॅनकेक फुगण्याऐवजी तव्यावर आक्रसतो. राहिलेल्या गुठळ्या पीठ मुरताना आपोआप भिजून सुटतात.

यानंतर धार बघायची. सगळा अंदाज इथेच लागतो, म्हणून जरा बारकाईनं सांगते.

पळीभर पीठ वीतभर उंचीवरून परत गंजात सोडायचं. गोळे गोळे होऊन थप्प पडलं तर फार घट्ट. दुधासारखी अखंड बारीक धार लागली आणि पडल्याजागी काहीच खूण राहिली नाही तर फार पातळ. त्याचे पॅनकेक होत नाहीत, धिरडी होतात. बरोबर पीठ रुंद पट्टीसारखं उतरतं, मधूनमधून तुटतं, आणि खाली पिठावर त्या पट्टीची घडी पडलेली दिसते. ती घडी विरायला किती वेळ लागतो ते बघायचं. एक, दोन, तीन, चार म्हणेपर्यंत विरली तर पीठ झालं. पडल्यापडल्या विरली तर सैल आहे. दहा मोजूनही तशीच राहिली तर दूध हवं. दुसरी खूण पळीच्या पाठीवर बघायची. पळी पिठात बुडवून उचलायची, पाठीवर बोटानं रेघ ओढायची. रेघेच्या दोन्ही कडा जागच्या जागी थांबल्या पाहिजेत, पण खालच्या टोकाशी हळूच एक थेंब जमून पडला पाहिजे. डोळ्यानं ओळख पटवायची तर इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल.

एक अट मात्र आहे. ही धार पीठ मुरल्यानंतरची. भिजवल्याबरोबर बघितलेली धार फसवते, कणकेत तर हमखास. नुसत्या मैद्याला ५ ते १० मिनिटं, कणीक असेल तर १५ ते २०. तेवढ्या वेळात तवा तापत ठेवायचा, संत्री सोलायची, चहा टाकायचा. गंजावर ताटली झाका. उन्हाळ्यात कूलरची हवा बैठकीतच अडते, स्वयंपाकघरात कोरडी झळ येते, आणि उघड्या पिठावर १० मिनिटांत कातडं धरतं. ते ढवळून आत मिसळलं की पॅनकेकमध्ये चिवट तुकडे लागतात. मुरल्यावर धार पुन्हा बघायची आणि राखून ठेवलेलं दूध एकेक चमचा, गंजाच्या कडेनं सोडत, दोन-तीन वेळाच फिरवत घालायचं.

पीठ पातळ झालंच तर सुकं पीठ वरून भुरभुरू नका. त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि त्या मोडायच्या नादात पीठ घोटलं जातं. वाटीत तीन-चार चमचे पातळ पीठ काढा, त्यात सुकं पीठ घालून घट्टसर गुळगुळीत करा, आणि ते परत गंजात ओता. मूठभराहून जास्त पीठ वाढवावं लागलं तर पाव चमचा बेकिंग पावडरही त्याच वाटीत चाळून टाकायची.

तवा बिडाचा असला तर उत्तमच, नॉनस्टिकही चालतो. मंद आणि मध्यम यांच्या मधली आच. पाण्याचा शिंतोडा टाकला की तो तव्यावर नाचत पळाला पाहिजे. जागच्या जागी बसून उकळला तर तवा थंड आहे. टेकताक्षणी चर्रकन उडून गेला तर आच उतरवा. तूप अगदी कमी, फडक्याच्या बोळ्यानं पुसल्यासारखं. डोशाच्या तव्यावर अर्धा कांदा फिरवतो तसा इथे फिरवू नये, गोड पॅनकेकला वास लागतो. तुपाचं तळं राहिलं तर खालची बाजू एकसारखी सोनेरी न होता नक्षीदार होते, कुठे पांढरी, कुठे तांबूस. पहिला पॅनकेक बहुतेक वेळा असाच निघतो. दुसऱ्यापासून तवा लायनीवर येतो.

लहान पळीनं पीठ एकाच जागी ओतायचं. डोशासारखं फिरवायचं नाही, ते आपणहून पसरतं. पसरून बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जाडी राहिली तर धार बरोबर जमली होती. मिनिटभरात वर बुडबुडे येतात. पहिला बुडबुडा दिसला की सराटा, म्हणजे उलथणं, घालायची घाई होते, ती करू नये. बुडबुडा फुटून त्याचं भोक पुन्हा पिठानं बुजलं तर आत अजून कच्चं आहे. भोकं उघडीच राहू लागली आणि कडेची चकाकी गेली की उलटवायचं, साधारण दोन मिनिटांत. दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्मा वेळ. सराट्यानं वरून दाबलं की आत धरलेला वायू निघून जातो आणि एवढ्या निगुतीनं केलेलं पीठ चप्पट होतं. भाकरी दाबायची सवय असलेल्या हाताला हे आवरावं लागतं.

काही बिघडलं तर दोष पिठाचा की तव्याचा, हे पॅनकेक फोडून बघितलं की कळतं. बाहेर गडद आणि मध्ये ओला गाभा असेल तर आच जास्त होती किंवा पीठ फार घट्ट. रंग बरोबर पण आत घट्ट, जवळजवळ भोकं नसलेलं असेल तर बेकिंग पावडर मेलेली. भोकं आहेत पण दातांना रबरासारखं लागतं, तर घोटलंय. भोकं मोठी, चव तुरट आणि रंग पटकन गडद झाला असेल तर सोडा जास्त पडलाय (तो ताकाच्या पिठात लागतो, ते पुढे). क्षार वाढला की तांबूसपणा लवकर येतो.

अंडं न खाणाऱ्या घरात त्याच्या जागी तीन मोठे चमचे दही आणि एक चमचा जादा तूप घाला, शिवाय एक मोठा चमचा चून. चुनानं पीठ बांधून राहतं आणि रंगही अंड्यासारखा येतो. त्याहून जास्त घातलं की कच्च्या डाळीचा वास येतो. पिकलेलं अर्धं केळं कुस्करूनही चालतं, पण केळ्यातल्या साखरेनं पॅनकेक लवकर लाल होतात, आच आणखी उतरवावी लागते.

आंबट ताक घेतलं तर हिशेब बदलतो. मग बेकिंग पावडरऐवजी खायचा सोडा, आणि तो पावडरपेक्षा तीन-चार पट जोरकस, त्यामुळे चार मुठींना अर्ध्या चहाच्या चमच्याला किंचित कमीच. एवढ्या सोड्याला २०० मिलिलिटर चांगलं आंबट ताक हवं. गोड ताकात सोडा पुरता मारला जात नाही आणि त्याची चव राहते. ताकाचं पीठ मुरवायचंच असेल तर सोड्याशिवाय मुरवा. सोडा अगदी शेवटी, चमचाभर पाण्यात विरघळवून घाला आणि लगेच तव्यावर घ्या. ताक आणि सोडा भेटले की फसफस तिथेच सुरू होते. अर्धा तास थांबलात तर गंजात सगळा वायू उडून गेलेला असतो.

संत्र्याच्या दिवसांत, म्हणजे आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून बाजारात येतात तेव्हा आणि पुढे मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात तेव्हा, साल वाया घालवू नका. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, सोलल्यावर किसणीवर ती दुमडते. म्हणून अख्ख्या फळावरच बारीक किसणी हलक्या हातानं फिरवायची, फक्त नारिंगी थर येईल इतकीच. पांढरा भाग आला की कडू. हा कीस आधी साखरेत बोटांनी चोळून घ्यायचा. सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि वास सगळ्या पिठात जातो. नुसता दुधात टाकला तर तेवढा लागत नाही. रस घालायचा तर दोन-तीन चमचेच. दूध किंचित फाटेल, त्यानं बिघडत काही नाही, पीठ जरासं दाट होतं एवढंच. धार पुन्हा बघून घ्यायची.

पीठ उरलं तर झाकून फ्रिजमध्ये. सकाळपर्यंत त्यातला वायू बराचसा गेलेला असतो, त्यामुळे त्याचे पुन्हा जाड पॅनकेक करायच्या फंदात पडू नये. दूध घालून धार बारीक होईपर्यंत सैल करा आणि तव्यावर पातळ पसरवा. साखर घातली नसेल तर हिरवी मिरची, कांदा आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाका. मे महिन्यात मात्र अंडं-दूध घातलेलं पीठ ओट्यावर राहू द्यायचं नाही. गिऱ्हाईक कमी असेल तर सगळे पॅनकेक त्याच वेळी भाजून घ्या. गार झाल्यावर मध्ये कागद घालून डब्यात ठेवले तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात, आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा मऊ होतात.